बटण ठिपक्यावरच आहे, ताई

आमचं घर जळगावात एका डाळ मिलच्या मागच्या भिंतीला लागून होतं. घर म्हणजे एक खोली, वर पत्रे आणि कोपऱ्यात मोरी. मिल सकाळी सातला सुरू झाली की आमची भिंत थरथरायला लागायची. फळीवरचे पितळी डबे हळूहळू पुढे सरकत यायचे आणि आई दर दोन दिवसांनी ते मागे ढकलायची. वडील त्याच मिलमध्ये चाळणीच्या मशीनवर होते. भिंतीपलीकडे तुरीच्या डाळीची पोती छतापर्यंत लागलेली असत. आमच्याकडे मजुरांना मिळणाऱ्या तुकड्यांचं वरण असे, तेही पातळ, कारण खाणारे आम्ही सात जण.

चाळिशी यायच्या आत वडिलांचे कान गेले. मशीनच्या शेजारी रोज दहा तास उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? तेव्हापासून आमच्या घरात दोनच आवाज उरले. वडिलांना स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ते ओरडत. आईला बोलून उपयोग नसे, म्हणून ती नुसते ओठ हलवायची. मी काही सांगायला गेले की वडील म्हणत, "काय म्हनते वं? तोंडात केयं भरेल हाये का?" केयं म्हणजे केळं. मग मीही ओरडून बोलायला शिकले. आजही मी फोनवर बोलायला लागले की शेजारचा दुकानदार शटर अर्धं ओढतो.

मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी वडील माझी गुणपत्रिका कापडी पिशवीत घालून मिलमध्ये घेऊन गेले आणि सगळ्यांना ओरडून सांगून आले. मिल चालू होती, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नसणार. पण त्यांनी सांगितलं. ते मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

मी वाद्यं दुरुस्त करते. म्हणजे विजेवर चालणारी. कीबोर्ड, डिजिटल पियानो, अँप्लिफायर, मिक्सर. पहिली काही वर्षं एका वाद्यांच्या दुकानात काम केलं, मग स्वतःचं छोटं दुकान टाकलं. नवीन गिऱ्हाईक आलं की अजूनही आत डोकावून विचारतं, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणते, "साहेब मीच. काय बिघडलंय ते दाखवा."

आमच्याकडे सगळ्यात जास्त माल येतो तो लग्नाच्या बँडवाल्यांचा. बँडच्या गाडीवर कीबोर्ड असतो आणि तो वाजवणारा माणूस ढोल-ताशांच्या वर आवाज काढायचा म्हणून पट्ट्यांवर बोटं आपटत असतो. पारोळ्याचे एक भाऊ कीबोर्ड घेऊन आले होते. उघडला तर आतून वाटीभर गुलाल निघाला. त्यांची तक्रार काय? "ताई, व्हॉल्यूम फुल करूनबी कमी पडतं. फुलच्या पुढे काही करता येईल का?" अशा लोकांच्या वाद्यांवर माझी उमेदीची वर्षं गेली. दुरुस्ती झाली की मी दोन बोटांनी पट्ट्या ठोकून बघायची. तिसऱ्या दुकानापर्यंत आवाज गेला की काम झालं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

श्रावणात मला धुळ्याच्या एका शाळेतून फोन आला. बोलणाऱ्या बाईंचं नाव कुंदाताई. पस्तिशीच्या आतबाहेर, तासिका तत्त्वावर संगीत शिकवणाऱ्या. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचंच मानधन, आणि वेळापत्रकातून तास उडाला तर बाईही उडाल्या. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने डिजिटल पियानो भेट दिला होता. सोबत एक लॅपटॉप आणि त्यात पियानोचं सॉफ्टवेअर.

"शैलाताई, दोन्हीचे आवाज एकत्र वाजतात," त्या म्हणाल्या, "पण एकमेकांत मिसळतच नाहीत. आमटीत तेल वेगळं तरंगावं तसं."

मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डिजिटल पियानोच्या पोटात आवाज भरलेले असतात. त्यातला एक आपल्या पेटीसारखा, पट्टी दाबून ठेवाल तोवर टिकणारा. पियानोला वायर लावून लॅपटॉप जोडला की त्याच पट्ट्यांवर लॅपटॉपमधला पियानोचा आवाजही वाजतो. बोट एक, आवाज दोन. कुंदाताईंना दोन्ही हवे होते आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हजारभर पोरं मैदानात उभी राहून प्रार्थना म्हणतात. पियानोचा सूर वाजतो आणि विरतो, त्यामुळे पोरं सुरावरून घसरतात. पेटीचा सूर टिकतो, पोरांना धरून ठेवतो, पण नुसती पेटी भोंग्यातून गाढवासारखी ओरडते. पेटीने धरायचं आणि पियानोने सजवायचं, असा त्यांचा विचार. त्यासाठी दोन्ही आवाज एका पातळीवर हवेत.

पातळी लावायची म्हणजे काय? लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये एक व्हॉल्यूम. लॅपटॉपचा स्वतःचा दुसरा. पियानोचा तिसरा. मग दोघांच्या वायरी आवाज एकत्र करणाऱ्या, शाळेच्या जुन्या मिक्सरमध्ये येतात, तिथे प्रत्येकाचं एकेक बटण. पाच ठिकाणी कमी-जास्त करता येतं आणि पाचही ठिकाणी कोणीतरी हात लावून ठेवलेला असतो. अशा वेळी तीन जागा पक्क्या करायच्या, त्यांना पुन्हा शिवायचं नाही, आणि मिक्सरवरच्या दोन बटणांनीच काम करायचं. मी धुळ्याला गेले, तसं केलं, दोन बोटांनी पट्ट्या ठोकल्या. पेटी आणि पियानो अगदी एकजीव. कुंदाताईंनीही दोन ओळी वाजवल्या. खोली छोटी होती, बरं वाटलं. चहा घेऊन मी परत आले.

दुसऱ्या दिवशी परिपाठ आटोपल्याबरोबर फोन.

"ताई, पियानो गायब आहे. नुसती पेटीच ऐकू येते."

"लॅपटॉपचं बटण थोडं वाढवा."

त्यांनी वाढवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन, "ताई, मधेच एकदा पियानो असा फुटला की पहिल्या रांगेतल्या मुलींनी कान झाकले. मग पुन्हा गायब."

मला काही कळेना. मी लावलेलं बरोबर होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं. पंधरा दिवस आम्ही फोनवर बटण वाढव, बटण उतरव करत होतो. वाढवलं की फुटायचं, उतरवलं की नाहीसं व्हायचं. मधली जागा नव्हतीच. मी दुकानात तसाच मिक्सर आणि तसाच कीबोर्ड मांडला, लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर घेतलं, ठोकून बघितलं. एकदम छान. मग धुळ्यालाच का बिघडतं? वायर? वीज? हवा?

त्यातच कुंदाताईंनी एकदा हळूच सांगितलं, "ताई, संस्थेचे अध्यक्ष खंडेनवमीला सरस्वतीपूजनाला येणार आहेत. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलंय, प्रार्थना मोबाईलवर लावता येते, मग संगीताचा तास कशाला? त्या दिवशी ऐकून ठरवणार आहेत. तास गेला तर मी गेले."

आता तो दहा मिनिटांच्या कामाचा प्रश्न राहिला नव्हता. पितृपक्ष सुरू होता. आई म्हणाली, पितृपक्षात कामाला बाहेरगावी जाऊ नको. मी पहिल्या गाडीने गेले.

या वेळी मी पट्टीला हातच लावला नाही. खुर्ची घेऊन बसले आणि म्हटलं, "कुंदाताई, तुम्ही रोज वाजवता तसं वाजवा." त्या वाजवायला लागल्या आणि मी त्यांचे हात बघत राहिले. उजवा हात पट्ट्यांवर असा चालत होता, जणू पापड उलटतोय. आणि डावा हात? डावा हात पियानोच्या मागे हवेत पुढे-मागे होत होता.

"डाव्या हाताने काय करताय?"

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि लाजल्या. "भाता. सवय आहे हो. पंचवीस वर्षं पेटीच वाजवली."

मी कपाळावर हात मारून घेतला. पेटीत जोर भात्यात असतो, बोटाने पट्टी नुसती उघडायची. पोटातल्या पेटीच्या आवाजालाही बोटाचा जोर कळत नाही. हळू दाबा की आपटा, आवाज तेवढाच. पण लॅपटॉपच्या पियानोला सगळं बोटावरून कळतं. हळू दाबलं की तो कुजबुजतो, आपटलं की गर्जतो. मी पातळी लावली होती ती बँडवाल्यांच्या हाताने. वाजवणार होता पेटीवाल्या बाईंचा हात. मी माझ्याच बोटांसाठी पियानो लावून आले होते, आणि पंधरा दिवस वायरींना दोष देत होते. पदवीधर बाई! इतकी वर्षं धंद्यात काढून मी कधी वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघितलंच नव्हतं. फक्त ऐकलं होतं, तेही मोठ्याने.

सॉफ्टवेअरमध्ये एक रेष असते. किती जोराच्या बोटाला किती आवाज द्यायचा ते तिच्यावर ठरतं. ती रेष मी कुंदाताईंच्या बोटाप्रमाणे वाकवली. आता हलकं बोट पडलं तरी पियानो नीट बोलायला लागला. मग मिक्सरची दोन बटणं लावली, भोंगा मैदानात सुरू करून पार फाटकापर्यंत चालत जाऊन ऐकून आले. जमलं होतं. पुन्हा कोणी बटण फिरवलं तर जागा सापडावी म्हणून दोन्ही बटणांच्या कडेला, जिथे त्यांची पांढरी रेघ यायला हवी तिथे, पर्समधल्या लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. ही माझी जुनी पद्धत. बँडवाल्यांना आकडे सांगून उपयोग नसतो, ठिपका सांगितला की कळतं.

"काही झालं तरी रेघ ठिपक्यावर आणायची," मी म्हटलं. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

तेवढ्यात शाळेचे शिपाई झिपरू तात्या मैदानातून दारात आले. साठीला टेकलेले, डोक्यावर पांढरी टोपी. कुंदाताईंचा शब्द झेलणारे, आणि त्यांची थट्टा करण्याचा हक्क असलेले. ते म्हणाले, "आते चांगलं आयकू येस ताई. पन बाईंना हात हवामा फिरस ना, माले वाटे त्या मच्छर मारी राह्यन्यात."

सगळे हसलो. मी निवांत परत आले. आठवडाभर परिपाठ छान झाला. मग घटस्थापना झाली आणि दुसऱ्या माळेला फोन.

"ताई, आज पेटीच पेटी."

"बटण?"

"ठिपक्यावरच आहे, ताई."

"दोन्ही?"

"दोन्ही. अगदी बरोब्बर ठिपक्यावर."

तिसऱ्या माळेला, "ताई, आज पियानोच पियानो."

"आणि बटण?"

"ठिपक्यावरच आहे, ताई. काल सरकलं होतं थोडं, मी आज सकाळी ठिपक्यावर आणलं."

चौथ्या माळेला दोन्ही कमी. पाचव्या माळेला दोन्ही फुल. रोज बटण ठिपक्यावर आणि रोज आवाज निराळा. असं होऊच शकत नाही. बटण त्याच जागी असेल तर आवाज तोच असायला हवा, एवढं तर मी कॉलेजात जाण्याआधीपासून जाणत होते. मी फोनवर कुंदाताईंकडून सॉफ्टवेअरची रेष तपासून घेतली, होती तशीच होती. लॅपटॉपचा व्हॉल्यूम तसाच. पियानोचा तसाच. वायर बदलायला लावली. वीज कमी-जास्त होते का, विचारलं. एका क्षणी मी असंही विचारलं, "तुमचा हात दुखतोय का?" त्यावर त्या रडायलाच लागल्या. "आता माझ्या हातातच खोट आहे असं म्हणा तुम्ही."

मी तसं म्हटलं नव्हतं. मला खरंच काही सुचत नव्हतं. तेव्हा माझ्या मनात भलतीच भीती शिरली. मला वाटलं, वडिलांचे कान माझ्याकडे आले. फाटकाजवळ उभं राहून मी जे एकजीव ऐकलं ते तसं नव्हतंच, मलाच तसं ऐकू आलं. मी जळगावात कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, पण तुम्ही जरा हळू बोला. वडिलांना मी माझ्या पहिल्या पगारातून कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि मग शर्टाच्या खिशात ठेवायला लागले. म्हणायचे, भांडी वाजली की कानात मिल सुरू होते. त्या यंत्रालाही एक छोटंसं बटण होतं, आवाज कमी करायचं. मी दुनियेची बटणं लावत फिरले, पण शेजारी बसून त्यांचं ते बटण लावून दिलं नाही. आता ते नाहीत. यंत्र माझ्या कपाटात आहे.

आठव्या माळेला दुपारी मी धुळ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष येणार होते. कुंदाताईंचे डोळे सुजलेले होते. संगीताच्या खोलीत उदबत्तीचा वास होता. पियानोला झेंडूची माळ, लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकू, सगळं कसं प्रसन्न. मी आधी मिक्सर बघितला. दोन्ही बटणांच्या कडेला दोन लाल ठिपके लखलखत होते आणि दोन्ही बटणांच्या रेघा त्यांच्यावर होत्या. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ठिपक्यावरच होतं.

"वाजवा," मी म्हटलं.

त्यांनी वाजवलं. पेटीने पियानोला पार गाडून टाकलं होतं.

तासभर मी त्या खोलीत वेड्यासारखी फिरत होते. वायर काढली, लावली. लॅपटॉप बंद केला, सुरू केला. बटणं ठिपक्यावरून हलवली, पुन्हा मोजून-मापून ठिपक्यावर आणली. घाम आला तो हाताने पुसला. कुंदाताई इतका वेळ रडवेल्या बसल्या होत्या, त्या एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काय झालं?"

"ताई, कपाळ..."

मी भिंतीवरच्या आरशात बघितलं. कपाळावर लाल फराटा. बोटाकडे बघितलं, बोटही लाल. नेलपॉलिश वाळल्यावर बोटाला लागत नाही. मी मिक्सरच्या ठिपक्यावर बोट घासलं. ठिपका पुसला गेला.

कुंकू होतं.

मी तात्यांना हाक मारली. आमच्या घरातला सगळा जुना आवाज त्या हाकेत होता. वर्गांवरची मास्तरमंडळीही बाहेर आली.

"तात्या, या मिक्सरवर लाल ठिपके होते, ते कुठे गेले?"

"ते ना?" तात्या अगदी अभिमानाने म्हणाले. "ते मांगना सालनं कुंकू व्हतं. वाळी गयथं, निंघेच ना. मी ब्लेडघाई खरडी काढं. आनि रोज सकायले नवं लावस. नवरात शे ना ताई. सरस्वतीनं यंत्र शे. देवले कोनी बिगर कुंकूनं ठेवस का?"

रोज सकाळी नवं. हाताने. कधी बटणाच्या वर, कधी डावीकडे, कधी जरा उजवीकडे, त्या दिवशी बोट पडेल तिथे. आणि कुंदाताई रोज इमानदारीने बटणाची रेघ तात्यांच्या कुंकवावर आणून ठेवत होत्या, मला फोनवर सांगत होत्या, आणि मी जळगावात बसून विजेचा अभ्यास करत होते.

कुंदाताई तात्यांवर चिडल्या. "तात्या, माझी नोकरी जाईल उद्या!" तात्यांचा चेहरा पडला. टोपी काढून हातात घेतली. "माले काय मालूम माय, ते नेलपालिश शे म्हनीसन. मी ते भलं करी राह्यंथू."

मला रागच येईना. मिलमध्ये दसऱ्याला चाळणीच्या मशीनला वडील स्वतः कुंकू लावायचे. ज्या मशीनने त्यांचे कान खाल्ले, तिला नमस्कार करताना मी त्यांना बघितलंय. तात्यांना मी काय सांगणार, की यंत्राला कुंकू लावू नका?

मी पुन्हा सगळं लावलं. भोंगा, मैदान, फाटक, परत खोली. संध्याकाळचे पाच वाजले. जमल्यावर मी पेचकसाच्या टोकाने मिक्सरच्या पत्र्यात दोन बारीक खाचा पाडल्या, नखाला लागतील एवढ्या. मग तात्यांच्या हातात कुंकवाची कोयरी दिली.

"तात्या, आता ठिपका तुम्हीच लावायचा. पण या खाचेत. इकडे नाही, तिकडे नाही."

तात्यांनी चष्मा पुसला, करंगळीच्या नखाने खाच चाचपली आणि तिच्यात कुंकू भरलं. "आते अंधारामाबी लावसू," ते म्हणाले. त्यांची टोपी पुन्हा डोक्यावर गेली.

खंडेनवमीला सकाळी मैदानात टेबल मांडलं. वर पियानो, शेजारी मिक्सर आणि लॅपटॉप, समोर सरस्वतीचा फोटो. पोरांनी पाट्यांवर सरस्वती काढून आणल्या होत्या. अध्यक्ष आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. उंच, पांढरा सदरा, घाईत. मी मागे, भोंग्याच्या खांबाजवळ, टेबलापासून चांगली पन्नास पावलं लांब उभी होते. मला बोलावून पुढे बसवतील असं काही नव्हतं. दुरुस्तीवाल्या बाईला कोण पुढे बसवतं?

मुख्याध्यापकांनी तबक पुढे केलं. नानांनी फोटोला हळदकुंकू वाहिलं. मग पियानोला. मग लॅपटॉपला. मग मिक्सरकडे वळले आणि अंगठाभर कुंकू घेऊन थेट पेटीच्या बटणावर दाबलं. दाबता दाबता अंगठा फिरला. बटण फिरलं. मला पन्नास पावलांवरून दिसलं. तात्यांनाही दिसलं असणार, कारण त्यांचा हात पुढे आला आणि तसाच थांबला. अध्यक्षांच्या अंगठ्याला कोण अडवणार?

"सुरू करा," नाना म्हणाले.

कुंदाताईंनी सुरू केलं. भोंग्यातून पेटी अशी अंगावर आली की खांबाजवळ मला कान झाकावेसे वाटले. पियानो कुठेच नाही. पोरांनी पहिली ओळ सुरू केली ती ओरडूनच, कारण पेटी ओरडत होती. एवढी खटपट केली आणि एका अंगठ्याने गेली. उजवा हात वाजवत असताना बटण फिरवायला डावा हात मोकळा होता, पण नाना टेबलाला खेटून उभे, त्यांच्या हाताखालून हात घालणार कसा?

दुसऱ्या ओळीला काहीतरी बदललं. काय ते आधी मला कळलंच नाही. पियानो हळूहळू वर यायला लागला. कोणी बटण फिरवलं? कोणीच नाही. तात्या हात बांधून उभे होते. मी कुंदाताईंकडे बघितलं. त्यांच्या खांद्यातून जोर येत होता. ती पापड उलटणारी बोटं आता पट्टीत खोल जात होती, जास्त नाही, हवी तेवढीच. आणि डावा हात हवेत नव्हता. तो पट्ट्यांवर उतरला होता आणि खालचे सूर वाजवत होता. पियानो पेटीच्या बरोबरीला आला आणि तिथेच थांबला, पुढे गेला नाही. पोरांचं ओरडणं खाली आलं. तिसऱ्या ओळीला हजार पोरं गात होती.

मी तिथे उभी राहून ऐकत होते. मी रेष वाकवली, खाचा पाडल्या, कुंकवाची जागा ठरवली, आणि शेवटी बाईंनी ऐकून, बोटांनी पातळी लावली. त्या हे कधी शिकल्या? मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नाही हो." म्हणजे दोघींनाही माहीत नाही.

प्रार्थना संपल्यावर नाना म्हणाले, "आवाज तर एकच ऐकू येतो. मग ही दोन यंत्रं कशाला मांडलीत?"

मुख्याध्यापक गडबडले. माझ्या धंद्यात याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नाही, पण ते त्या वेळी धोक्याचं होतं. कुंदाताई उठल्या, लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि नुसत्या पेटीवर एक ओळ वाजवली. मग पेटी बंद करून नुसत्या पियानोवर तीच ओळ पोरांना म्हणायला लावली. मागच्या रांगा अर्ध्या ओळीत भलत्याच सुरात गेल्या. पहिलीतली पोरं हसायला लागली.

"हां," नाना म्हणाले. "लावा परत दोन्ही." मग मुख्याध्यापकांकडे वळून, "आणि हे मोबाईलवर होणार होतं म्हणता?"

"नाना, ते तुम्हीच..." मुख्याध्यापक बोलायला गेले आणि तबक आवरायला लागले.

मी जळगावच्या गाडीत बसले तेव्हा कपाळावर कालच्या कुंकवाची लाली अजून होती. आईने दार उघडल्यावर विचारलं, नेहमीसारखं ओठांनीच, "जमलं?" मी ओरडून सांगायला तोंड उघडलं आणि हळूच म्हणाले, "जमलं." तिला ऐकू गेलं.

त्या शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास आठवड्यातून दोनदा आहे आणि तो कुंदाताई घेतात. मिक्सरच्या खाचेत तात्या रोज सकाळी कुंकू भरतात. परिपाठाला पेटी आणि पियानो एकत्र वाजतात, आणि फाटकाजवळ उभं राहिलं तर दोघांचा आवाज सारखा येतो.